सर्व्हिस क्लबचा सेक्रेटरी झालोय, वर्षभर नेमकं काय करू?

नवा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका सर्व्हिस क्लबचा (रोटरी, लायन्स असतात तसला) मी १ जुलैपासून सेक्रेटरी झालोय, म्हणजे झालो असं नाही, मीटिंगला उशिरा पोचलो आणि बघतो तर माझं नाव लिहून झालेलं. गाव सातारा जिल्ह्यातलं, पालखी मार्गावरचं. क्लबचं नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच कुणाला लागायला नको. कागदावर २८ मेंबर, मीटिंगला १०-१२, आणि जेवण असलं की २८ चे ३५.

तर विषय असा. वर्गणीतून वरचं सगळं म्हणजे इंटरनॅशनल, डिस्ट्रिक्ट वगैरे भरून, हॉलचं भाडं आणि चहापाणी जाऊन प्रोजेक्टला हातात राहतात साधारण दीड लाख. प्रेसिडेंटनी गेल्या वर्षीचीच यादी तारखा बदलून व्हॉट्सॅप केलीय. जुलैत वृक्षारोपण आणि वह्यावाटप, १५ ऑगस्टला रक्तदान, सप्टेंबरात शिक्षकांचा सत्कार, ऑक्टोबरात मोतीबिंदू, थंडीत ब्लँकेटं, मार्चात महिला दिन. मी सहज म्हणून गेल्या वर्षीच्या पावत्या काढून फक्त बॅनर, शाल, नारळ, बुके एवढंच जोडलं तर ३४ हजार निघाले. वह्या २२ हजारांच्या होत्या.

इथे कुणी समोरच्या बाजूचं असेल, म्हणजे शाळेतलं, दवाखान्यातलं किंवा ज्यांच्या घरात अशा कँपातून कुणाचं काही झालंय असं, तर सांगा ना, ह्यातलं काय खरंच कामाला येतं आणि काय बंद केलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. "सेवेची तळमळ हवी" टाइप उत्तरं नकोत प्लीज, ती पदग्रहण समारंभात भरपूर ऐकली.

ओ_निगेटिव्ह

रक्तपेढीत टेक्निशियन आहे, १६ वर्षं झाली. पहिलं म्हणजे ते १५ ऑगस्टचं सोडा राव. त्या दिवशी प्रत्येक मंडळाला, प्रत्येक पक्षाला कँप पाहिजे असतो आणि आमची टीम एक, गाडी एक. लाल पेशी टिकतात ३५ दिवस, ज्या बॅगेत वेगळं सोल्यूशन असतं त्यात ४२, प्लेटलेट तर ५ च दिवस. म्हणजे ऑगस्टात फ्रिज फुटेस्तोवर भरायचा आणि सप्टेंबर संपायच्या आत वापरला गेला नाही तर टाकायचा. शिवाय त्या दिवशी दिलेला पुरुष डोनर पुढचे ३ महिने बाद, बाई असेल तर ४ महिने.

आणि मे महिन्यात आम्ही काय करतो माहितीय का, फोन. कॉलेज बंद, लोक गावाला, जत्रा, लग्नं, कँप एक नाही. थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला सुट्टी नसते. आईबाप पोराला घेऊन बाकावर बसलेले आणि मी जुन्या रजिस्टरमधून नंबर काढून कुणाला तरी गळ घालतोय. तेव्हा मेचा दुसरा आठवडा धरा, सकाळी साडेसातला चालू करून अकराला गुंडाळा, मोठे पंखे आणि लिंबू सरबत ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत पण हीच बोंब असते. शंभर बॅगांचा आकडा पेपरात यायला बरा, मला विचाराल तर ३०-३० चे तीन लावा, लांब लांब अंतराने.

हेल्मेट, जार, ट्रॉली बॅग असलं गिफ्ट अजिबात नको. गिफ्ट दिसलं की माणूस झालेली कावीळ सांगत नाही.

अजून एक. बायका उत्साहाने येतात आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून निम्म्या परत जातात, तोंड एवढंसं करून. त्यांना नुसतं "तुमचं नाही चालत" म्हणून घालवू नका. तिथंच एक डॉक्टर बसवा, गोळ्या द्या, नाव-नंबर लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी परत तपासा. क्लबवाले बॅगाच मोजत बसतात, ह्या परत गेलेल्या बायका कुणी मोजतच नाही.

झेडपी_गुरुजी

सेक्रेटरीसाहेब, वह्या नका देऊ. जुलैत आमच्या शाळेवर वह्यांचा पाऊस असतो. तुमचा क्लब, दुसरा क्लब, पतसंस्था, कुणाचा तरी वाढदिवस. पोरं उन्हात एका रांगेत उभी, एक वही धरायला चार हात, आणि फोटो नीट आला नाही म्हणून तीच वही परत घेऊन परत द्यायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय, अतिशयोक्ती नाही. तेच डिसेंबरात या, तेव्हा वह्या संपलेल्या असतात आणि कुणी फिरकत नाही.

आमच्याकडे एका क्लबनी पाण्याचा फिल्टर बसवून दिला होता, स्टीलचा, चांगला भारी. वर फरशी, फरशीवर अध्यक्ष, सचिव, प्रकल्पप्रमुख अशी सात नावं. सहा महिन्यांनी आतली कँडल बदलायची होती, तिचे पैसे कुणी द्यायचे हे ठरलंच नव्हतं. शाळेच्या खर्चात ते बसेना, क्लबला फोन केला तर म्हणाले आता नवीन अध्यक्ष आलेत त्यांना विचारा, आणि त्या नवीन अध्यक्षांना अजून एक नवीन फिल्टर द्यायचा होता, दुसऱ्या शाळेला. आता त्याच्या मागच्या कप्प्यात आमच्या मावशी झाडू ठेवतात. पोरं घरून बाटली आणतात.

मुलींच्या संडासात पाणी नाही. टाकी आहे, पाइप आहे, मोटर जळलीय. दीड लाख नकोत हो, मोटर भरून द्या आणि वर्षातून दोनदा येऊन नळ सोडून बघा एवढंच.

वैतागलेला_पुणेकर

हे क्लब म्हणजे बिल्डर, डॉक्टर आणि विमा एजंट ह्यांनी एकमेकांना कार्ड वाटायची सोय. १९०५ साली शिकागोत रोटरी चालू झाली तीच मुळी धंद्यातल्या लोकांनी आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचं म्हणून. दीड लाख थेट एखाद्या गरजूला द्या आणि मोकळे व्हा. बाकी चालू द्या.

सिस्टर_रिटायर्ड

पुणेकर दादा, सुरुवात तशी झाली असेल पण पुढचं पण सांगा ना मग. मी आरोग्यसेविका होते, ३१ वर्षं. पोलिओचे रविवार आठवतात का कुणाला? रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम जगभर अंगावर घेतलं आणि इथे गावपातळीवर त्याचा अर्थ एवढाच होता की सकाळी सात वाजता क्लबचा एक माणूस स्वतःची जीप घेऊन उपकेंद्रासमोर उभा. सरकारी गाडी एक, बूथ तेवीस. बर्फाच्या पॅकसकट व्हॅक्सिन कॅरिअर मांडीवर घेऊन आम्ही उसाच्या तोडकऱ्यांच्या कोप्यांवर जायचो, तिथली पोरं कुठल्याच यादीत नसायची. डाव्या करंगळीला मार्करची खूण करायची, दारावर खडूने पी नाहीतर एक्स लिहायचा. एक्स म्हणजे ह्या घरात पोर राहिलंय, परत यायचं. दुसऱ्या दिवशी त्या एक्सच्या घरांना जाताना फोटोग्राफर नसायचा पण तो जीपवाला असायचा, हे मी विसरणार नाही. देशातली शेवटची केस जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडली आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तचा दाखला मिळाला. त्यात क्लबांचं काहीच नाही असं नका म्हणू बाबा.

आता सेक्रेटरी, तुम्ही पालखी मार्गावरचे. दर वर्षी केळी, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, परत केळी. वारकरी सुद्धा नको नको म्हणतात, आणि तुमच्या गावातून पालखी गेली की दुसऱ्या दिवशी रस्त्याला द्रोण-पत्रावळ्या आणि सालींचा रगडा. मी लोणंद ते फलटण पट्ट्यात किती वर्षं तंबूत ड्यूटी केलीय, आमच्याकडे रांग कशाची असायची सांगू? फोड. टाचेचे, चवड्याचे, चिखलात चालून बोटांमध्ये कुजलेली कातडी. माउली शुगरच्या असल्या तर पायाला खिळा लागलेला सुद्धा कळत नाही त्यांना. तेव्हा कोमट पाणी, टब, पाय पुसायला स्वच्छ सुती कापड, ड्रेसिंग, मलम, आणि दोन माणसं ज्यांना खाली बसून दुसऱ्याचा पाय हातात घ्यायची लाज वाटत नाही. आणि एक चपला शिवणारा बसवा, दिवसाचे पैसे देऊन. केळ्यांपेक्षा त्याच्यापुढे गर्दी होईल, लिहून घ्या.

माणदेशी_सून

मोतीबिंदूबद्दल मी सांगते. आमच्या आत्यांना (सासूबाई) क्लबच्या कँपात नेलं होतं. तिथे नुसती तपासणी, ऑपरेशन शहरातल्या हॉस्पिटलला, ते बरोबरच आहे म्हणा. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे पाचला बसमध्ये घातलं, तिथे गेल्यावर शुगर २८० निघाली, परत पाठवलं. दिवस गेला, माझी रोजंदारी गेली, आत्या म्हणाल्या आता मी काय येत नाही, मेल्यावर डोळं घेऊन कुठं जायचंय. कँपातच शुगर आणि बीपी बघून दोन आठवडे गोळ्या दिल्या असत्या तर हे झालंच नसतं, नाही का.

दुसऱ्या वेळी झालं. डॉक्टर चांगले होते, फुकट झालं, नावं ठेवायला जागा नाही. पण घरी सोडताना थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या, एक दिवसातून सहा वेळा मग आठवड्याने कमी करत न्यायची, दुसरी चार वेळा, आणि कागद इंग्रजीत. मी बाटलीला लाल दोरा आणि पांढरा दोरा बांधला, भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या तेव्हा कुठे जमलं. ज्यांच्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच ते काय करत असतील. महिन्याने चष्म्याचा नंबर काढायला परत जायचं होतं, त्या वेळी मात्र बस नाही. बसमधल्या १८ जणांतले आम्ही धरून पाच गेलो.

तुमच्याकडे तालुक्यात ३-४ माणसं असली जी फोन करून विचारतील "आज्जी थेंब घातलं का", तरी पुष्कळ. आणि ऑक्टोबरात ठेवू नका हो, सुगीत कोण येतं.

आत्यांचं म्हणाल तर आता लांबचं स्वच्छ दिसतं. पट्टी सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, माळ्यावर केवढी जळमटं झालीत, काढत नाही का कधी.

ओ_निगेटिव्ह

@माणदेशी_सून ताई 😄😄 दोऱ्याची आयडिया आमच्या डोळ्यांच्या डिपार्टमेंटला सांगतो.

माजी_खजिनदार

धागा उशिरा बघितला. मी एका क्लबात दोन टर्म खजिनदार होतो, आता वयामुळे नुसता मेंबर. पुणेकरांचं कार्ड वाटण्याचं खरं आहे, मी स्वतः तेवढ्यासाठीच शिरलो होतो, खोटं कशाला बोलू.

आधी पैशाचं. बॅनर-बुके-जेवण हा खर्च एका खात्यातून आणि लोकांकडून सेवेसाठी म्हणून गोळा केलेले पैसे दुसऱ्या खात्यात, हे लेखी ठरवून घ्या. लायन्समध्ये तर हा नियमच आहे, जनतेकडून जमवलेला पैसा कारभाराला वापरायचा नाही. तुमचे ३४ हजार आपोआप १० वर येतील, कारण स्वतःच्या खिशातून शाल घ्यायची म्हटलं की सत्कारमूर्ती कमी होतात. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटच्या नादी सध्या लागू नका, तिथे प्रोजेक्टच कमीत कमी ३०,००० डॉलरचा लागतो आणि बाहेरच्या देशातला पार्टनर क्लब. २८ मेंबरांचं काम नाही ते.

आता आमच्याकडे जे चाललं ते सांगतो. २००९ ला एक मेंबर वारले, त्यांच्या घरच्यांनी त्यांची व्हीलचेअर आणि कॉट क्लबला दिली, ठेवायची कुठे म्हणून मेडिकलवाल्याच्या गोडाऊनला टाकली. पंधरा दिवसांत कुणीतरी मागायला आलं. तिथून चालू झालं, कार्यक्रम नाही, उद्घाटन नाही. आज ५ फाउलर कॉट (हँडल फिरवून डोक्याची बाजू वर करता येते तसली), ८ व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या, ४ एअरबेड, कोविडच्या वेळचे २ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. भाडं नाही, नुसतं डिपॉझिट. कॉटला ३,००० आणि वॉकरला ३००. आधी कॉटला पण ५०० च ठेवलं होतं तर कॉट परत येईनात, लोक त्यावर गव्हाची पोती ठेवायचे.

एअरबेडचं नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त मागणी त्याला आणि सगळ्यात जास्त भानगडी त्याच्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात त्यासाठी तो असतो. त्याच्या फुगवट्यांत हवा आळीपाळीने भरते आणि सुटते, दर काही मिनिटांनी. लोकांना वाटतं लीक आहे, म्हणून पंप बंद करून ठेवतात, मग काय उपयोग. एकाने सायकलच्या पंपाने हवा भरून नळी बांधून टाकली होती. नळ्या उंदीर कुरतडतात. वीज गेली की बेड बसतो. म्हणून आम्ही बेड देताना एक माणूस घरी पाठवतो, तो लावून दाखवतो आणि दर दोन तासांनी कूस बदलायलाच लागेल, बेड आहे म्हणून सुटका नाही हे घरातल्या बाईला आणि पुरुषाला, दोघांना सांगतो. जो माणूस जातो तो आमचा रिटायर्ड वायरमन, क्लबचा मेंबर सुद्धा नाही.

परत यायची वेळ ठरलेली असते, दहावं झालं की दुसऱ्या दिवशी कॉट येते. कधी कधी डिपॉझिट नको म्हणतात. एक माणूस कॉट घेऊन आला आणि टेंपोतून उतरवल्यावर अर्धा तास तिथेच कॉटच्या काठावर बसून राहिला, आम्ही पण काही बोललो नाही, दुकानातून चहा मागवला.

दीड लाखात दोन कॉट, तीन एअरबेड, चार व्हीलचेअर आणि दुरुस्तीला थोडे शिल्लक एवढं सहज बसेल. पण गोडाऊनची किल्ली कुणाकडे आणि रविवारी रात्री फोन कोण उचलणार हे आधी ठरवा, सामान नंतर घ्या.

वैतागलेला_पुणेकर

हे माहीत नव्हतं. आमच्या भागात असं कुठे मिळतं का, वडिलांसाठी कमोड खुर्ची हवी होती.

माजी_खजिनदार

@वैतागलेला_पुणेकर मेसेज करा, बघतो. घ्याल तेव्हा चारी पायांचे रबरी बूट तपासा, एक जरी नसला तरी फरशीवर घसरते.

नवा_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार, खरंच. काल मीटिंग झाली, अर्धवट यश. वह्यावाटप रद्द नाही झालं पण डिसेंबरात गेलं, मोटर मंजूर. मुलींच्या टाकीचं बघायला आमच्यातले एक प्लंबिंग मटेरियलवाले स्वतः जाणारेत. रक्तदानाला मे धरलाय, तर प्रेसिडेंट म्हणाले तोवर माझी टर्म संपत येईल, मग फोटो कुणाचा लावायचा, तिथे जरा वाजलं. मोतीबिंदू दिवाळीनंतर. शिक्षकांचा सत्कार कुणी सोडायला तयार नाही. गुरुजी माफ करा, बहुतेक तुमच्याच वयोगटातल्यांना शाल मिळणार.

आणि साहित्याचं काढलं तर एक जुने मेंबर म्हणाले, अरे आपल्याकडे होत्या की दोन कॉट, २०१४ च्या. आज जाऊन बघितलं तर मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत खरंच आहेत, वर मांडवाचं कापड टाकलेलं. रंग उडालाय पण सांगाडा धड आहे. फक्त डोक्याची बाजू वर करायचं जे फिरवायचं हँडल असतं ते दोन्हीचं नाही. नवीन मिळतं का कुठे?

माजी_खजिनदार

नवीन शोधत बसू नका. कॉटखालच्या स्क्रूच्या दांड्याचं टोक चौकोनी आहे का षटकोनी ते बघून माप घ्या आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे जा, सळई वाकवून करून देईल. चार करून घ्या, दोन हरवणारच.