मदत हवी आहे: चॅम्पियन कुत्र्याची नसबंदी करावी का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न आमच्या गंप्याचा आहे. कागदोपत्री त्याचं नाव आगगाडीएवढं लांब आहे, पण घरात गंप्याच. कॉकर स्पॅनियल, वय सहा.

डॉग शोमधलं अमेरिकन केनेल क्लबचं चॅम्पियनपद त्याने अडीच वर्षांचा असतानाच मिळवलं: 15 पॉइंट, त्यात वेगवेगळ्या जजांकडून दोन मेजर (म्हणजे एकाच शोमध्ये तीन किंवा जास्त पॉइंटचे विजय). मग 25 पॉइंट जमवून ग्रँड चॅम्पियनही झाला. आता हँडलरला, म्हणजे शोमध्ये त्याला सादर करणाऱ्याला, अजून एक वर्ष त्याला शोमध्ये फिरवायचंय.

पण गेल्या महिन्यात लघवीत रक्त दिसलं. तपासणीत प्रोस्टेट वाढलेलं निघालं. संसर्ग नाही, कॅन्सरही नाही. नसबंदी न झालेल्या नरांत वयानुसार हे होतंच म्हणे. डॉक्टर म्हणतात, नसबंदी करा, म्हणजे वृषण काढून टाका, काही आठवड्यांत प्रोस्टेट आकसेल.

गोची इथेच आहे. नसबंदी झालेला कुत्रा नेहमीच्या शोमध्ये चालत नाही. शो म्हणजे मुळात पैदाशीसाठी जनावर पारखणं, जज दोन्ही वृषण हाताने तपासतात. म्हणजे ऑपरेशन झालं की रिंग संपली.

हँडलरचा आग्रह फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा. त्याने प्रोस्टेट आकसतं आणि पैदाशीची क्षमताही टिकते, पण गोळ्या थांबवल्या की दुखणं परत. शिवाय तो 2009 च्या वेस्टमिन्स्टर डॉग शोचा दाखला देतो, स्टम्प नावाचा ससेक्स स्पॅनियल दहाव्या वर्षी, निवृत्तीतून परत येऊन, बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्या शोमधला सर्वोत्तम कुत्रा, ठरला होता. अहो, पण असा स्टम्प एखादाच!

वीर्य गोठवून ठेवायचा पर्यायही आहे. मला तो फारसा पटत नाही. त्याची तीन वेतं आधीच झालीत, एकाच नराचं रक्त जातीत किती पसरवायचं?

खरं अडतंय ते वेगळंच. शोचा पट्टा बाहेर काढला की हा गडी स्वतःहून ग्रूमिंग टेबलाकडे धावतो. 'बिचाऱ्याला नाचवता' म्हणणाऱ्यांनी ते एकदा बघावं.

ज्यांनी गोळ्या दिल्यात त्यांनी सांगा, किती महिने चालवल्या? नसबंदीनंतर कॉकरचे केस लोकरीसारखे गुंततात, हे कितपत खरं? आणि रिंग सुटल्यावर तुमच्या कुत्र्याला कशात रमवलंत? रॅली, ओबीडियन्स अशा आज्ञापालनाच्या स्पर्धांना नसबंदी आड येत नाही, एवढं माहीत आहे.

पुढच्या शोची एंट्री बुधवारी बंद होतेय, त्याआधी उत्तरं आली तर बरं.