शब्दचर्चा : ‘संपृक्त’ नेमकं काय? ढीग की द्रावण?

चिलीच्या अटाकामा वाळवंटात कॅलिचे नावाचं खनिज मिळतं, त्यात सोडियम नायट्रेट आणि आयोडीनचे क्षार असतात. ते फोडून मोठाले ढीग रचतात, वरून ठिबकनं पाणी सोडतात आणि खाली क्षार विरघळलेलं पाणी गोळा करतात. याच्या गणिती मॉडेलवर मराठीत टिपण लिहितोय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडलोय: ‘ढीग असंपृक्त असतो, पण तळाशी येईपर्यंत द्रावण संपृक्त होतं.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण वाचणारा गोंधळणारच. भूजलवाले फटी पाण्यानं पूर्ण भरल्या की संपृक्त म्हणतात, आणि रसायनवाले पाण्यात आणखी क्षार मावेनासा झाला की. ढिगात फटींमध्ये पाणीही असतं हवाही असते, म्हणून तो असंपृक्त. काय करावं?

— सरळ ‘जलसंपृक्त’ आणि ‘क्षारसंपृक्त’ लिहा की, जोडशब्द चटकन कळतात.

— जलसंपृक्त चालेल, पण क्षारसंपृक्त म्हटलं की कुठला क्षार हा प्रश्न येतोच, आणि इथे सगळी गंमत त्यातच आहे. 20 अंश सेल्सियसला 100 ग्रॅम पाण्यात सोडियम नायट्रेट साधारण 88 ग्रॅम विरघळतं, कॅलिचेतलंच साधं मीठ 36 ग्रॅम आणि त्यातलाच आणखी एक क्षार, जिप्सम, जेमतेम पाव ग्रॅम. म्हणजे पाणी खाली झिरपताना जिप्समनं कधीच भरून गेलेलं असेल, मिठानंही भरत आलं असेल, तरी नायट्रेटसाठी जागा शिल्लक असते. त्यात मीठ आणि नायट्रेट दोघांत सोडियम, त्यामुळे एक विरघळलं की दुसऱ्याची जागा कमी होते. मॉडेलमध्ये प्रत्येक क्षाराचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो, मग भाषेतही ठेवा ना. ‘मिठानं संपृक्त’, ‘जिप्समनं संपृक्त’.

— हे पटलं. एक अवांतर, कॅलिचेचं भाषांतर करू नका. मूळ स्पॅनिश शब्द चुन्यावरून आलाय आणि मृदाशास्त्रात त्याचा अर्थ चुन्यानं घट्ट झालेला थर, पण चिलीत तोच शब्द नायट्रेटच्या खनिजाला. चुनखडी लिहिलंत तर सगळंच फसेल. आणि नुसता ‘सोरा’ पण नको, तो म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. फार तर ‘चिली सोरा’ म्हणा.

— आणि लीचिंगला, म्हणजे ढिगातून पाण्यानं क्षार असे विरघळवून काढण्याला, निक्षालन? मला तो चालतो, पण क्षालन म्हणजे धुणं, आणि धुतल्यावर वस्तू जागेवर राहते असं वाटतं. तांब्याच्या खनिजाच्या ढिगात ते बरंचसं खरं आहे, दगड बहुतेक तसाच राहतो. कॅलिचेत दगडाचाच मोठा वाटा विरघळणारा, त्यामुळे ढीग खचतो, फटी बदलतात, पाण्याची वाट बदलते. मॉडेलला खरा त्रास इथे होतो. म्हणून शीर्षकात निक्षालन ठेवा, पण आत ‘विरघळणं’, ‘झिरपणं’ आणि ‘खचणं’ ही तिन्ही क्रियापदं वेगवेगळी वापरा, कारण मॉडेलमध्ये त्या खरंच तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

— सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय: ‘ढिगाच्या फटी पाण्यानं पूर्ण भरलेल्या नसतात, पण त्यातून झिरपणारं पाणी तळाशी येईपर्यंत मिठानं संपृक्त होतं, आणि तरीही त्यात थोडं नायट्रेट विरघळू शकतं.’ लांबलंय, पण असंच ठेवतोय.