छकुलीचं बारसं (आमच्या घरच्या ग्रुपवरून, इंदूर)

दादा: सगळ्यांना एकदमच कळवतो. छकुलीचा कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. डाउन सिंड्रोम आहे. २१व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती. इकोत हृदयाला बारीक छिद्र दिसलंय, तीन महिन्यांनी पुन्हा बघणार. रिपोर्टपायी बाराव्या दिवशी राहिलेलं बारसं आता रविवारी.

मोठी काकू: अरे देवा. एवढ्या सोनोग्राफ्या झाल्या, कुणालाच दिसलं नाही? मग बारसं घरातल्या घरात उरकायचं का?

मामी: ग्रहणात बाहेर पडली होती का रे?

मी: आई सांगतेय तसं टाइप करतोय. "घरातल्या घरात कशाला? थोरल्याच्या बारशाला जेवढी पानं उठली, तेवढीच हिच्याही उठतील."

ताई (बडोदा): मामी, ग्रहणाचा काही संबंध नाही. बीज तयार होतानाच पेशींच्या विभागणीत गुणसूत्र जास्तीचं येतं. आई-बापांनी काही केल्यानं किंवा न केल्यानं नाही. आणि काकू, सोनोग्राफीत प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही.

दादा, आता कामाचं. या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचं काही ना काही असतं, तेव्हा तारीख चुकवू नकोस. थायरॉइड आणि कानांची तपासणी झाली का? डोळेही दाखवायचेत. स्नायू सैल असतात, म्हणून फिजिओथेरपी लवकर सुरू करायची, बाळ मान धरेल मग बघू असं नको. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र असतं, त्याची चौकशी कर. आरबीएसके या सरकारी बालआरोग्य योजनेत तिथे मोफत होतं. दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं की 'निरामय' या सरकारी योजनेचा १ लाखापर्यंतचा आरोग्यविमाही काढता येतो. आणि मालिशवाल्या मावशींना आजच सांगा, तेल हलक्या हातानं लावायचं. मान वळवायची नाही, हातपाय ओढायचे नाहीत. हिचे सांधे फार लवचिक असतात. हे मी मुद्दाम पुन्हा फोन करूनही सांगणार आहे.

वहिनी: थायरॉइड झालं, कानांचं सोमवारी. काकू, मामी, रिपोर्ट आल्यापासून सगळे धीर देतायत, पण मुलगी झाली म्हणून अभिनंदन अजून कुणी केलं नाही. मला ते हवंय. सुरुवातीला दोन घोट ओढले की दमून झोपायची, वाटी-चमच्यानं पाजावं लागायचं. आता हनुवटीखाली बोटाचा आधार दिला की पकड सुटत नाही. काल पोट भरेपर्यंत प्यायली आणि नंतर माझं बोट सोडायलाच तयार नव्हती. कानाच्या पाळ्या थेट आईंच्या!

मोठी काकू: अभिनंदन ग पोरी, मनापासून. मीच सगळ्यात आधी म्हणायला हवं होतं. घुगऱ्या माझ्याकडे. पाळण्याची फुलंही मीच आणते.

मामी: अभिनंदन दोघांचं. दुपट्याला जुन्या इरकलीचा तुकडा जपून ठेवलाय, शिवून आणते.

मी: आई विचारतेय, नाव आत्यानंच ठेवायचं ना? मग ताई कधी निघणार?

ताई (बडोदा): शुक्रवारी रात्री. नाव ठरलंय, वहिनीला कळवलंय. बाकीच्यांना पाळण्यापाशीच.

दादा: मला तरी सांग!

वहिनी: नाही.