कावळा आणि खार: आदळआपटीच्या विनोदी ॲनिमेशन मालिकेसाठी सल्ला हवा आहे

रिकामा फळा

नमस्कार. आम्ही तिघे मिळून एका ॲनिमेशन मालिकेचा पहिला भाग तयार करत आहोत. एकाच झाडावर राहणारे कावळा आणि खार हे दोन वैरी, त्यांची रोजची कुरघोडी आणि सात मिनिटांचा एकेक भाग, असा आराखडा आहे. विनोद सगळा आदळआपटीचा आहे. स्टोरीबोर्ड (चित्रांच्या चौकटींत मांडलेली कथा) पूर्ण झाला असून त्यावरून ॲनिमॅटिकही (तीच चित्रे वेळेनुसार लावून केलेला कच्चा व्हिडिओ) केले आहे. परंतु कागदावर ज्या प्रसंगांना आम्ही पोट धरून हसलो, तेच प्रसंग ॲनिमॅटिकमध्ये पाहणाऱ्यांना नुसता गोंगाट वाटले. तीन बाबतींत सल्ला हवा आहे. पात्रांना संवाद द्यावेत की मुके ठेवावे? सर्व हालचाली हाताने रेखाटाव्यात की कटआउट पद्धतीचे रिग (सुट्या भागांचे, कठपुतळीसारखे हलवता येणारे पात्र) वापरावेत? आणि पाठलाग हाच गाभा असताना दहाव्या भागापर्यंत प्रेक्षकाला वीट येऊ नये म्हणून काय करावे? हाताशी आठ महिने आहेत आणि पैसे बेताचेच आहेत.

जागता बोका

तुमच्या लिखाणात मला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'गोंगाट' हा वाटला, म्हणून तिन्ही प्रश्न बाजूला ठेवून आधी त्याविषयी लिहितो. कागदावर चित्र पाहताना कोणत्या चित्रावर किती थांबायचे हे पाहणारा स्वतः ठरवतो. ॲनिमॅटिकमध्ये तो अधिकार तुमच्याकडे येतो, आणि नवखे लोक तिथे घाई करतात. कावळा फांदीवरून घसरला आणि लगेच खाली आदळला, तर तो केवळ अपघात होतो. तोच कावळा फांदी तुटल्यावर क्षणभर हवेत तसाच राहिला, त्याने खाली पाहिले, मग आपल्याकडे पाहिले आणि त्यानंतर तो पडला, तर हसू येते, कारण त्याला जे कळायला वेळ लागला ते आपल्याला आधीच कळलेले असते. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर त्या पाहण्याला मी 12 ते 16 फ्रेम देतो, प्रत्यक्ष आघाताला दोन-तीनच देतो आणि आघातानंतर पुन्हा चित्र स्थिर ठेवतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी 1940 साली टॉम आणि जेरीची जोडी पडद्यावर आणली, तेव्हा त्यांची कामाची वाटणी अशी होती की बार्बेरा प्रसंग रचून ते रेखाटत आणि कोणती हालचाल किती फ्रेम चालेल याचे गणित हॅना बसवत. हे गणित चित्रकारांच्या हाती काम जाण्यापूर्वी ठरलेले असे. तुम्हीही रेखाटन पूर्ण थांबवा आणि आहे त्याच ॲनिमॅटिकवर आणखी तीन आठवडे घालवा.

दुसरी गोष्ट म्हणजे मार कोणामुळे बसतो याचा नियम ठरवा. चक जोन्स यांच्या कार्टूनमधील कोयोटी हा लांडग्यासारखा प्राणी रोड रनर या धावणाऱ्या पक्ष्याचा पाठलाग करतो; त्याला 1949 पासून जे काही भोगावे लागले, ते त्या पक्ष्याने त्याला मारल्यामुळे नव्हे. स्वतःचा उतावीळपणा आणि ऐन वेळी दगा देणारी यंत्रे यांमुळेच त्याची फजिती होत असे. तुमची खार कावळ्याला विनाकारण मारू लागली, तर प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला कावळ्याची बाजू घेईल आणि हसणे थांबवेल.

ताल-बेताल

मी ध्वनीचे काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. मुकी पात्रे ठेवा. 1998 साली सुरू झालेली ऑगी आणि झुरळांची फ्रेंच मालिका, किंवा 2007 पासूनची शॉन या मेंढीची ब्रिटिश मालिका, या दोन्हींत संवाद नाहीत, आणि त्या इतक्या देशांत पोचल्या याचे एक कारण हेही आहे की दुसऱ्या भाषेत नेताना त्यांच्या कथानकाला हात लावावा लागत नाही. मात्र मुके याचा अर्थ निःशब्द असा घेऊ नका. हुंकार, धाप, दबलेले हसू, किंकाळी हे सर्व लागतेच. टॉमच्या त्या प्रसिद्ध किंकाळ्या खुद्द हॅना यांच्या आवाजातल्या होत्या. मधला मार्गही आहे. 1969 साली सुरू झालेल्या लांडगा आणि सशाच्या सोव्हिएत मालिकेत बोलणे फार थोडे आहे, पण 'थांब, बघतोच तुला' अशा अर्थाची लांडग्याची धमकी इतकी नेमाने येते की तीच मालिकेचे नाव होऊन बसली.

संगीताबद्दल एक हिशेब उपयोगी पडेल. मिनिटाला 120 ठोके ही लय धरली, तर प्रत्येक ठोका बरोबर 12 फ्रेमचा होतो आणि पावले, उड्या, आदळणे हे सारे त्यावर बसवता येते. पण सातही मिनिटे वाजवत राहू नका. मोठ्या आघाताच्या आधी सगळे वाद्य बंद करून पाहा; माझ्या मते तुमचा निम्मा गोंगाट तिथेच कमी होईल.

खोडरबर

मुक्या पात्रांना माझा विरोध नाही, परंतु त्यांची किंमत दुसऱ्या प्रश्नात मोजावी लागते, हे कोणी सांगितले नाही. 1957 साली टॉम आणि जेरी बनवणाऱ्या एमजीएम या चित्रपट कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केल्यावर हॅना-बार्बेरा दूरचित्रवाणीसाठी काम करू लागले. तिथल्या तुटपुंज्या पैशांत पूर्वीइतकी चित्रे काढणे शक्य नव्हते, म्हणून शरीर स्थिर ठेवून डोके, तोंड किंवा हात तेवढाच हलवायचा, अशी काटकसरीची पद्धत त्यांनी रुळवली. ती चालली, कारण विनोदाचा भार त्यांनी संवादांवर आणि कलाकारांच्या आवाजांवर टाकला. तुम्ही संवाद काढून टाकणार असाल, तर तो भार पुन्हा शरीरावर येतो आणि तिथे काटकसर लगेच दिसते.

आता आकडे पाहा. सात मिनिटे म्हणजे 420 सेकंद, म्हणजेच 10,080 फ्रेम. एकेक चित्र दोन फ्रेम तसेच ठेवले तरी 5,040 चित्रे होतात, आणि दोन्ही पात्रे सतत समोर असतील तर त्याच्या दुप्पट. आठ महिन्यांत एकही सुट्टी न घेता दिवसाला सुमारे 42 रेखाटने, तीही स्वच्छ करून आणि रंगवून, तिघांना झेपणार नाहीत. म्हणून मिश्र पद्धत घ्या. चालणे, बसणे, डोकावणे, वाट पाहणे यांसाठी रिग वापरा. आघात, ताणले जाणे, चपटे होणे आणि वेगातले फराटे मात्र हातानेच काढा. मी एका मालिकेवर काम केले, तिथे पात्राची चोच रिगमध्ये अखंड बनवली होती, आणि तोंडावर पातेले बसल्यावर ती चपटी करण्याचा मार्गच नसल्याने चौथ्या भागापासून आम्ही सर्व फटके डोक्याच्या मागून मारू लागलो. कावळ्याच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. ओपनटून्झ हे ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर 2016 पासून मुक्त स्वरूपात मिळते आणि ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधील ग्रीस पेन्सिल हे रेखाटनाचे साधनही विनामूल्य आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरवर खर्च करू नका.

दुपारची डुलकी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लेखिका म्हणून सांगते. तुमच्या आराखड्यात त्या दोघांना काय हवे आहे, हे कुठेच आलेले नाही. पाठलाग सर्व भागांत सारखाच दिसला तरी चालतो, पण तो ज्या वस्तूसाठी किंवा गरजेसाठी होतो ती प्रत्येक भागात बदलली पाहिजे. एका भागाला एकच वस्तू द्या, समजा छत्री, आणि छत्रीचे जितके उपयोग सुचतील तितके लिहून काढा. सरळ उपयोग सुरुवातीला संपवा आणि सर्वांत आडवळणाचा शेवटासाठी ठेवा. अधूनमधून तिसऱ्याच संकटापुढे दोघांना एकत्र येऊ द्या, मात्र ती दोस्ती भाग संपण्यापूर्वी मोडा. 1975 साली दूरचित्रवाणीवरील हिंसेच्या निर्बंधांमुळे टॉम आणि जेरी यांना चक्क मित्र करण्यात आले होते. त्या भागांची आठवण कोणी फारशी काढत नाही.

आणखी एक. पहिलाच प्रयत्न सात मिनिटांचा का? दोन अळ्यांच्या भांडणावरील कोरियन मालिका 2011 साली अवघ्या 90 सेकंदांच्या भागांनी सुरू झाली. तुम्हीही तेवढाच तुकडा आधी पूर्ण करून दाखवा.

रिकामा फळा

सर्वांचे आभार. चोचीबद्दलची सूचना वाचून आमच्या रिगवाल्या मैत्रिणीने कपाळावर हात मारला, कारण आमचीही चोच अखंडच होती. ती आता तीन भागांत केली आहे. फांदी तुटण्याचा प्रसंग 90 सेकंदांचा करून त्यात 14 फ्रेमचा थांबा घातला आणि आघाताआधीचे संगीत काढले. कालच्या पाच प्रेक्षकांपैकी तिघे योग्य जागी हसले. एकच शंका उरली आहे: कावळ्याच्या किंकाळीसाठी खऱ्या कावळ्याचा आवाज वापरावा का?

ताल-बेताल

वापरू नका. खरी कावकाव ऐकताच प्रेक्षकाला पक्षी आठवतो आणि तुमचे पात्र नाहीसे होते. तिघांपैकी ज्याचा आवाज सर्वांत लवकर चिरकतो त्याला माइकपुढे उभे करा, प्रसंग दाखवत वीस वेळा ओरडायला लावा आणि बहुधा सतरावी किंकाळी घ्या, कारण तोवर त्याचा घसा खरोखरच बसलेला असतो.