ब्लोअर प्रदर्शनात बुक करू की पिंपळगावच्या डीलरकडून घेऊ?

मोहाडीचा बागवाला
राम राम मंडळी. साडेचार एकर द्राक्ष आहे, थॉमसन जात, मांडव, लागण नऊ बाय पाच फुटांवर. ट्रॅक्टर २४ एचपीचा. जुना ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारायचं यंत्र, नऊ वर्षांचा झाला, फॅनचा गिअरबॉक्स असा ओरडतो की शेजारच्या मळ्यातून फोन येतो, भाऊ फवारणी चालू आहे का विमान उतरवताय. तर आता नवीन ६०० लिटरचा, ट्रॅक्टरमागे ओढायचा घ्यायचाय. काल शहरात कृषी प्रदर्शनात गेलो होतो, तिथं एका कंपनीच्या स्टॉलवर बोर्ड होता, जुना भाव ३,३६,००० अन् प्रदर्शन भाव ३,१५,०००, म्हणजे २१ हजार सरळ कमी, ११ हजार भरून बुकिंग, ऑफर रविवार संध्याकाळपर्यंत. तोच ब्लोअर, तेच मॉडेल पिंपळगावच्या डीलरकडे विचारलं तर तो ३,२२,००० म्हणतो अन् वरून म्हणतो, अण्णा आमच्याकडून घ्या, आम्ही इथंच आहोत. घरात दोन पार्ट्या पडल्यात, पोरगा म्हणतो प्रदर्शन, वडील म्हणतात डीलर. मी मधी. काय करू?

पाटावरचा
पोराचं ऐका. डीलरकडे गेलं की काय होतं, चहा येतो, गोडाऊनमधी जे उभं आहे तेच दाखवतो, 'आपल्या भागात हाच चालतो'. अहो तुमच्याकडे दुसरा ठेवलाच नाही तर चालणार कसा? कृषीथॉन असो नाहीतर डिसेंबरातलं मोशीचं किसान प्रदर्शन असो, मी जातो ते यासाठीच, चार-पाच कंपन्यांचे ब्लोअर शेजारी शेजारी उभे असतात. मागच्या खेपेला मी हातात टेप घेऊन गेलो होतो, लोक हसत होते. पण त्यामुळे कळलं की एकाची बाहेरची रुंदी आमच्या ओळीत बसलीच नसती, दुसऱ्याचा पंप अशा जागी बसवलेला की साधं ऑइल बघायला पण गार्ड खोलावं लागतं. अन् कंपनीचा इंजिनिअर समोर असतो, नोझल कुठलं, ५४० आरपीएमला हवा किती, टाकी अर्धी झाल्यावर औषध नीट ढवळतं का, सगळं विचारता येतं. डीलरच्या काउंटरवरच्या पोराला यातलं अर्धं माहीत नसतं.

निफाडची सून
बघायला प्रदर्शनात जा, हजार वेळा जा. घेताना मात्र दहा वेळा विचार करा दादा. आम्ही बाहेरच्या जिल्ह्यातल्या प्रदर्शनात घेतला होता, तेव्हा आमच्या ह्यांना १५ हजार वाचल्याचा इतका आनंद की येताना पेढे आणले. २०१९ चा तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आठवतो ना सगळ्यांना? छाटणीनंतरची कोवळी फूट बागेत, वरून पाऊस थांबायला तयार नाही, पानाखाली डाऊनी रोगाची पांढरी बुरशी दिसायला लागली अन् नेमका त्या दिवशी पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला. ऑइल बघितलं तर दुधासारखं पांढरं, म्हणजे पाणी आत गेलेलं. बिलावरचा नंबर लावला, तिकडची बाई म्हणे तुमची तक्रार नोंदवली आहे. नोंदवली! मेकॅनिक आला चौथ्या दिवशी. तोवर पाठीवरच्या पंपाने जेवढं झालं तेवढं केलं, चिखलात, दोन गडी अन् आम्ही दोघं. खालच्या दोन एकरांतले घड गेले ते गेले. इथल्या डीलरकडे पण गेलो होतो मध्ये, तो तोंडावर म्हणाला, ताई आधी आमची गिऱ्हाइकं, मग तुम्ही. राग आला पण त्याचं तरी काय चुकलं?

पाटावरचा
ताई वाईट झालं, पण तो प्रदर्शनाचा दोष कसा? डायफ्राम फाटायचा तो डीलरकडून घेतलेल्याचाही फाटतो. माझ्या चुलत्याने तालुक्याच्या गावातल्या ओळखीच्या डीलरकडून घेतला, सोयरीक निघत होती लांबून. सीझनला पार्ट मागितला तर 'उद्या येतो', 'गाडीत टाकलाय', 'गाडी घाटात अडकली'. आठ दिवस घाटातच होती ती गाडी. छाटणी सगळ्यांची एकदमच होते, चाळीस गावांना एक मेकॅनिक, डीलर इथं असून नसल्यासारखा. त्यापेक्षा डायफ्रामचा किट, दोन सील, चार नोझलच्या चकत्या घरात ठेवा अन् बदलायला शिका, तासाचं काम आहे.

निफाडची सून
तासाचं काम तुम्हाला माहीत आहे म्हणून. आम्हाला ते शिकवलं कोणी, तर नंतर इथल्याच मेकॅनिकने, आमच्या अंगणात बसून. स्टॉलवर कोण शिकवतं?

हिशोबनीस
सगळे सर्व्हिसवर भांडताय, पण मोहाडीकर, तुमचे २१ हजार वाचतच नाहीयेत. कॅल्क्युलेटर काढा. मूळ किंमत ३ लाख धरा. १२ टक्के जीएसटी म्हणजे ३६ हजार, झाले ३,३६,०००. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, फवारणी यंत्रं, ठिबक यांच्यावरचा जीएसटी १२ चा ५ झालाय. ३ लाखावर ५ टक्के १५ हजार, झाले ३,१५,०००. फरक बरोब्बर २१ हजार! तुमच्या स्टॉलवाल्याने खिशातून रुपया काढलेला नाही, सरकारने कमी केलेला कर त्याने 'प्रदर्शन ऑफर' म्हणून बोर्डावर लावलाय. डीलरच्या ३,२२,००० शी तुलना करा, म्हणजे खरा फरक ७ हजाराचा. आणि रविवार संध्याकाळ वगैरे काही नसतं हो, तोच भाव पुढच्या प्रदर्शनात पण मिळतो.

मोहाडीचा बागवाला
आयला. हे डोक्यातच आलं नाही. पोराला दाखवलं, तो गप्प बसलाय.

पाटावरचा
हिशोब मान्य. पण मग डीलरला पण विचारा की बाबा सगळीकडे ३,१५,००० ला मिळतंय, तुझे ७ हजार जास्तीचे कशाचे? गप्प बसायची पाळी त्याच्यावर पण येऊ दे.

काउंटरमागचा
मी ओझरला शेती अवजारांच्या दुकानात बसतो, तेव्हा मला डीलरचा माणूस म्हणून शिव्या घाला, चालेल. आतली गोष्ट सांगतो. स्टॉलवर कंपनीचं नाव असतं पण पुष्कळदा बिल फाडतो एखादा डीलरच, कधी ह्या जिल्ह्यातला कधी बाहेरचा. म्हणून ११ हजार भरायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, टॅक्स इन्व्हॉइस कोणाच्या नावाने निघणार? पिंपळगाव-नाशिकच्या डीलरचं असेल तर बिनधास्त बुक करा, प्रदर्शन काय अन् दुकान काय, माणूस तोच. बाहेरच्याचं असेल तर वॉरंटीत कोण येणार ते बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. जास्तीचे पैसे कशाचे म्हणाल तर आमच्याकडे तरी पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा दांडा, तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाने कापून जोडून देणं, पहिल्या फवारणीला माणूस बांधावर उभा राहणं, हे धरलेलं असतं. शाफ्ट लांब राहिला ना, वळणावर पंपाचं बेअरिंग खातो. पण पाटावरचे भाऊ म्हणतात तेही खरं, सीझनला आम्ही कमी पडतो. नोव्हेंबरात माझा फोन दिवसातून शंभरदा वाजतो, सगळे उचलतोच असं नाही.

सटाण्याहून
भो, अनुदानाचं कोणीच बोलंना! महाडीबीटीवर, सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज केलाय का? केला असेल तर पूर्वसंमती येईपर्यंत ना प्रदर्शन ना डीलर, कुठंच बिल करू नका. आधी घेतला अन् मग पूर्वसंमती आली तर अनुदान गेलं समजा. शेतकरी आयडी पण लागतो आता. आमच्याकडं अर्ली छाटणी, तुमच्या आधीच बाग धरतो आम्ही, म्हणून घाई करून एकाने असंच घालवलं. अन् त्या मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट आहे का तेही विचारा, त्याशिवाय यंत्र अनुदानात बसत नाही.

हिशोबनीस
हे महत्त्वाचं. अजून एक, बाहेरून घेतला म्हणजे हात बांधले असं नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, घेतला कुठून याने फरक पडत नाही.

निफाडची सून
ग्राहक आयोगाची तारीख पडेपर्यंत डाऊनी थांबणार आहे का भाऊ?

पाटावरचा
हा हा, ताईंनी टोला दिला. पण एक सांगतो, घ्या कुठूनही, स्वतःच्या बागेत डेमो घेतल्याशिवाय घेऊ नका. प्रदर्शनाच्या सपाट ग्राउंडवर सगळेच ब्लोअर वळतात. मांडवाच्या कडेला ताणाच्या तारा असतात, तिथं ६०० लिटर भरलेली टाकी मागे घेऊन वळवा मग कळतं. आता इथं मी डीलरच्या बाजूने बोलतोय की काय, कारण स्टॉलवाला काय बागेत यायचा नाही.

मोहाडीचा बागवाला
अपडेट. स्टॉलवर फोन केला, बिल पुण्याच्या डीलरचं निघणार म्हणे, सर्व्हिसचं 'आमचा माणूस नाशिकला असतो' एवढंच, लिहून द्यायला तयार नाही. पिंपळगाववाल्याला हिशोब ऐकवला, आधी म्हणाला तुम्हाला कोणी सांगितलं, मग ३,१८,००० वर आला, शाफ्ट जोडणी अन् एक डायफ्राम किट त्याच्यातच. पोराची अट आहे की त्याने सोमवारी भरलेली टाकी घेऊन आमच्या वरच्या बागेत यायचं, तिथं कोपऱ्यात ताण फार जवळ आहेत, जुना ब्लोअर पण दोनदा अडकलाय. अर्ज महाडीबीटीवर जूनमध्येच केलेला आहे, पूर्वसंमती नाही अजून, तेव्हा पैसे आत्ता कोणालाच देत नाही. यंदाचा सीझन जुन्यावरच, गिअरबॉक्स उतरवायला टाकलाय.

निफाडची सून
वळणाचा व्हिडिओ टाका सोमवारी. आणि गिअरबॉक्सला ऑइल कुठलं टाकताय ते बघा, आमच्याकडे एकाने इंजिन ऑइल टाकलं होतं.