प्रतिसाद: पहिली दहा मीटर एअर रायफल घेताना

पहिल्या रायफलीत बॅरल (नळी) आणि ट्रिगर यांवरच सर्वाधिक पैसे घालावेत, हा वर मांडलेला मुद्दा मला अर्धाच पटतो, कारण नामांकित कंपन्यांच्या साध्या स्पर्धा-रायफलींचे बॅरलही नवख्या नेमबाजाच्या हातापेक्षा कितीतरी अचूक असते. खरा फरक स्टॉक, म्हणजे रायफलीचा दस्ता, पाडतो. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गाल टेकवण्याचा भाग) पुरेसे मागेपुढे, वरखाली होत नसतील, तर डोळा साइटमागे (नेम धरण्याच्या साधनामागे) सहज येत नाही आणि मान ताणून नेम धरण्याची सवय लागते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर हे समायोजन अत्यावश्यकच आहे. स्पर्धेत रायफलीच्या वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो असली, तरी तिथपर्यंत जाण्याची घाई मुळीच करू नये.

वर दिलेला जुनी रायफल घेण्याचा सल्ला योग्यच आहे, मात्र सिलिंडरवर (दाबाखालची हवा भरलेल्या नळीवर) कोरलेली तारीख आधी वाचावी, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याची वैधता जास्तीत जास्त दहा वर्षे असते आणि नव्या सिलिंडरचा खर्च व्यवहारात धरावाच लागतो. इथे अजून न आलेली गोष्ट फोरसाइटच्या, म्हणजे बॅरलच्या पुढच्या टोकावरील साइटच्या, रिंगची. लहान रिंगमुळे नेम अचूक होतो असे अनेकांना वाटते, पण माझ्या पाहण्यात नवखे नेमबाज तिच्यामुळे गोळी सोडायला कचरतात; म्हणून लक्ष्यावरील ३०.५ मिलिमीटरच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसेल एवढी मोठी रिंग घ्यावी, शक्यतो फिरवून आकार बदलता येणारी. पेलेट्सही (एअर रायफलच्या छोट्या गोळ्या) ४.४९ ते ४.५१ मिलिमीटरपर्यंतच्या निरनिराळ्या मापांची थोडी थोडी आणून, रायफल शिकंज्यात घट्ट धरून तपासावीत आणि मगच साठा करावा.