नायनर्सचा मॉक ड्राफ्ट: ११ व्या नंबरला टॅकल घ्यायचा की डिफेन्सिव्ह लाइन?

सनीव्हेलकर:
मंडळी नमस्कार. २४ एप्रिल २०२५ ला ग्रीन बेमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (टीमनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडणं) सुरू होतोय, आठवडा राहिलाय आणि माझं डोकं एकाच प्रश्नात अडकलंय. आपल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्सचा ६-११ (सहा जिंकले, अकरा हरले) असा सीझन झाला म्हणून ११ वा नंबर मिळाला, एकूण पिक (निवडी) पण ११ आहेत. हा माझा मॉक, म्हणजे कोणाला घ्यावं याचा अंदाज. पहिला कोण?

मी म्हणतो आर्मंड मेंबू, मिझुरीचा टॅकल, म्हणजे ऑफेन्सच्या लाइनच्या टोकाला उभा राहून क्यूबीला (क्वार्टरबॅक, बॉल फेकणारा) वाचवणारा. कारण ट्रेंट. आपला आताचा टॅकल ट्रेंट विल्यम्स जुलैत ३७ चा होईल, घोट्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यानंतर तो खेळलाच नाही, आणि त्याच्या जागी उभा राहणारा जेलन मूर आता चीफ्सकडे गेला. २०२० आठवा. आपला जुना टॅकल स्टेली रिटायर झाला, २००७ पासून लाइन सांभाळणारा माणूस, आणि नेमकं त्याच वीकेंडला वॉशिंग्टन ट्रेंटला सोडायला तयार होतं म्हणून आपण वाचलो, दिलं काय तर एक पाचव्या राउंडचा पिक आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या राउंडचा. असं नशीब परत परत नाही येत हो. आपल्या क्यूबी पर्डीला आता मोठं कॉन्ट्रॅक्ट द्यायचंय, मग त्याची पाठ राखणारा माणूस आत्ताच घरात आणायला नको का?

आणि मेंबू ३३२ पौंडाचा असून ४० यार्ड ४.९१ सेकंदात धावला. कोच शनहॅनच्या आउटसाइड झोनमध्ये (बॉल घेऊन कडेने पळायची पद्धत) टॅकलला जागेवर ढकलून चालत नाही, आडवं पळत जाऊन समोरचा लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागे उभा असणारा) गाठावा लागतो, त्यासाठी असेच पाय लागतात.

पुढे ४३ व्या पिकला टोलेडोचा डॅरियस अलेक्झांडर, आतला डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे समोरच्या ऑफेन्सला मधून अडवणारा. ७५ ला लाइनबॅकर, ओले मिसचा ख्रिस पॉल ज्युनियर (बास्केटबॉलवाला नव्हे). १०० वा पिक आपल्याकडचा डिमेको रायन्स टेक्सन्सचा हेड कोच आणि आपलाच रॅन कार्थन टायटन्सचा जीएम (जनरल मॅनेजर) झाला त्याची लीगकडून भरपाई म्हणून आलेला, तिथे वेस्टर्न केंटकीचा अप्टन स्टाउट, उंची जेमतेम पाच फूट आठ पण निकेलला (आतल्या रिसीव्हरला अडवायची जागा) तो बसला की कॉर्नरबॅक लेनॉरला बाहेरच्या कडेलाच ठेवता येईल, दुसरा कॉर्नरबॅक वॉर्ड टीम सोडून गेल्यावर ते लागणारच. रिसीव्हर (पास झेलणारा) डीबोच्या बदल्यात मिळालेल्या १४७ वर रिसीव्हरच, कारण उरलेल्या आयुकचा गुडघा ऑक्टोबरात गेलाय, तो कधी परत येतो त्यावर बसून राहता येणार नाही. सांगा काय चुकतंय.

फ्रीमाँटवाली:
दादा मॉक मनापासून केलाय ते दिसतंय, पण ११ ला टॅकल मला अजिबात नाही पटत.

१२ डिसेंबरची रॅम्सची मॅच मी आपल्या लेवाइज स्टेडियममध्ये बसून बघितली. पोंचोच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत येत होतं, १२-६ हरलो, दोन्हीकडून एक टचडाउन नाही, सगळ्या फील्ड गोल (बॉल लाथाडून मिळणारे गुण). पार्किंगकडे जाताना सगळे ऑफेन्सला शिव्या देत होते आणि मला मात्र डोळ्यासमोर आपला लाइनबॅकर ग्रीनलॉ दिसत होता. सुपर बोलमध्ये (लीगच्या फायनलमध्ये) त्याची टाचेमागची अकिलीस शीर तुटली, त्यानंतर हा पहिलाच गेम, आणि पहिल्या हाफमध्ये जिकडे बॉल तिकडे हा. मग पाय आखडला आणि तो बाहेर बसला. त्यानंतर रॅम्सचा कायरन विल्यम्स बॉल घेऊन चार यार्ड, पाच यार्ड, परत चार असा खातच राहिला आणि आपली लाइन दर वेळी एक पाऊल मागे. मागे आपला लाइनबॅकर फ्रेड वॉर्नर असला तरी पुढचे चौघं ढकलले गेले की त्याला समोरच्या लाइनचा गार्ड अंगावर घ्यावा लागतो, मग तो बॉलवाल्यापर्यंत पोचणार कसा?

आता त्या लाइनमधला हारग्रेव्ह गेला, मलिक कॉलिन्स गेला, फ्लॉइड गेला. ग्रीनलॉ आणि हुफंगा दोघंही ब्रॉन्कोजकडे. लाइनमधला बोसा एकटा किती करणार? आणि कोच सालेह परत आलाय डिफेन्स सांभाळायला. त्याचं २०१९ चं युनिट आठवा ना, बोसा, बकनर, आर्मस्टेड, सॉलोमन थॉमस, डी फोर्ड, पाचही जण पहिल्या राउंडचे. ब्लिट्झ न करता (मागच्यांना क्यूबीवर न धाडता) चौघांनीच क्यूबीपर्यंत पोचायचं आणि मागे सात जण पास अडवायला, त्याची सगळी पद्धत त्यावर उभी आहे. चौघं नसतील तर त्याला आणून उपयोग काय?

माझा पिक जॉर्जियाचा मायकल विल्यम्स, लाइनच्या कडेचा. क्लेमसनविरुद्ध पहिल्याच गेमला घोटा दुखावला आणि तसाच सीझन खेळला म्हणून सॅक (क्यूबीला पाडणं) पाचच दिसतात, पण लांब हात आहेत आणि रनसमोर कड सोडत नाही. आपल्याला नेमकं तेच हवंय.

रात्री दोनची मॅच:
मी पुण्यातून. तुमच्या दुपारच्या मॅचा मी रात्री दोनला लावतो, आवाज बंद ठेवून, त्यामुळे लाइन कशी हलते तेच जास्त बघतो. ताईंशी सहमत, पण माणूस वेगळा. मला कडेचा नको, आतला हवा. वॉल्टर नोलन, ओले मिसचा. २०२० ला बकनर कोल्ट्सला देऊन टाकला ते दुखणं माझं अजून गेलेलं नाही, त्याच्या बदल्यात आलेल्या पिकमधून शेवटी किनलॉ हाती लागला आणि मधली जागा तेव्हापासून भरलीच नाही. बोसावर दोघं धावून जातात कारण शेजारून कोणाची भीती नसते. आतून कोणी थेट तोंडावर आला की क्यूबीला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि मग बोसाला ते अर्धं सेकंद मिळतं.

सनीव्हेलकर भाऊ, अजून एक. शनहॅन आणि जीएम लिंच २०१७ पासून आहेत, ऑफेन्सिव्ह लाइनवर पहिल्या राउंडचा पिक त्यांनी एकदाच घातला, २०१८ ला मॅकग्लिंची. मॉक करायचा तर ते काय करतील ते पण धरायला पाहिजे ना.

नवीन भरती:
प्रश्न साधा आहे, रागावू नका. आयपीएलसारखा लिलाव का नाही? ज्याच्याकडे पैसे त्याने चांगला घ्यायचा.

फ्रीमाँटवाली:
रागवायचं काय त्यात. इथे जो तळाला त्याला पहिली निवड, पैशाची बोली नाही. कॉलेजच्या पोराला टीम निवडायचा हक्क नसतो आणि कितव्या नंबरला गेला त्यावर त्याचा पगार जवळपास ठरलेलाच असतो, चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. म्हणून चांगला पिक लागला की बाकीच्यांवर खर्च करायला पैसे उरतात. किटल पाचव्या राउंडचा, ग्रीनलॉ पाचव्या राउंडचा, हुफंगा पण, आणि पर्डी तर २६२ वा म्हणजे अगदी शेवटचा. आपली टीम अशाच पोरांनी बांधली.

सनीव्हेलकर:
दोघांचं रात्रभर डोक्यात घोळत होतं. मॅकग्लिंचीचा मुद्दा बरोबर आहे पण ते आजवर करत आलेत म्हणून ते बरोबरच असं मी नाही म्हणणार, स्टेलीनंतर आपण थोडक्यात वाचलो हे मी विसरू शकत नाही. ताई, रॅम्सच्या मॅचचं वाचून मात्र मी त्या सेकंड हाफच्या ड्राइव्ह परत लावून बघितल्या. तुम्ही म्हणता तसंच आहे, स्नॅप झाल्या झाल्या (बॉल मागे दिला की लगेच) आपले आतले दोघं उभे होतात आणि तिथेच खेळ संपतो.

म्हणून असं करतो. जेट्सचे दोन्ही टॅकल गेलेत, ते ७ ला मेंबूला उचलतील अशी मला धास्ती आहे. तसं झालं तर ११ ला मायकल विल्यम्स आणि ४३ ला टॅकल, मिनेसोटाचा एर्सेरी उरला तर. पण ११ ला दोघंही समोर असतील तर मी मेंबूच घेणार, आणि मग ४३ आणि ७५ दोन्ही डिफेन्सिव्ह लाइनला, लाइनबॅकर १०० ला. स्टाउट सोडावा लागेल, त्याचं वाईट वाटतं.

रात्री दोनची मॅच:
४३ ला मग टेक्ससचा आल्फ्रेड कॉलिन्स बघा, सहा फूट सहा इंच, ३३० च्या वर वजन, त्याला कोणी उभं करून मागे नाही नेणार. नोलनवर मी ठाम आहे. इथे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतंय, अलार्म आत्ताच लावून ठेवलाय.